आईची तीन स्पॅनिश वाक्यं

पूर्णा, भिवंडी
१२ ऑक्टोबर २०२५

चि. धम्मदिनास,
सप्रेम जयभीम.

इकडे सगळं ठीक आहे. बाबांचे गुडघे कुरकुरतात, पण गोदामातली ड्युटी काही सोडत नाहीत. तुला सातवा महिना लागल्याचं सुगतने सांगितलं. वालेन्सियाचा पत्ताही त्यानेच दिला. भावावर रागावू नकोस.

हसशील, पण मी स्पॅनिश शिकतेय. जावयाशी कधीतरी बोलावं लागेलच ना. शेजारची दीक्षा त्या भाषेचा क्लास करते, ती रविवारी मला शिकवते आणि माझा 'र' ऐकून पोट धरून हसते.

सध्या इच्छेची रूपं चालू आहेत. काय भाषा आहे गं ही. तू खातेस, म्हणजे 'कोमेस'. पण तू खावंस असं माझ्या मनात असेल, तर 'कोमास'. शेवटी 'आर' असलेल्या क्रियापदांत 'आ'चा 'ए' होतो, 'एर' आणि 'इर'वाल्यांत 'आ' येतो, शेजारणींनी वाट्या बदलाव्यात तसं. एवढ्याशा स्वरावरून कळतं, की हे अजून घडलेलं नाही, कुणीतरी नुसतं मनात धरलंय. मी थक्क होऊन बसले. तव्यावरची भाकरी करपली.

मग दीक्षा म्हणाली, "मावशी, पहिले मराठीत एक इच्छा बोला ना, मग आपण तिचं स्पॅनिश करू."

माझ्या तोंडात काय आलं, सांगू? 'तुझं तोंड पुन्हा न दिसो.' तू इग्नासिओशी रजिस्टर लग्न करून दारात उभी होतीस, तेव्हा बोलले होते तेच. मी करपलेली भाकरी खरवडायला घेतली. दीक्षाला वाटलं, मावशीला धडा कळला नाही.

नुसत्या मनात धरलेल्या गोष्टीत एवढी ताकद असते, हे मला या वयात कळलं. दोन वर्षं माझं ते एक वाक्य खरं होत राहिलं, पोरी. आणि रोज संध्याकाळी वंदनेला बसून मी म्हणत होते, सब्बे सत्ता सुखी होन्तु. सगळ्या प्राणिमात्रांसाठी सुख मागत होते, त्यातून तुला एकटीला वगळून.

ते वाक्य मी मागे घेते. त्याच्या जागी ही तीन ठेव. दीक्षाला दाखवलेली नाहीत, चुकली असतील तर इग्नासिओला हसू दे.

किएरो के कोमास ब्येन. तू नीट जेवावंस.
किएरो के देस्कान्सेस. तू आराम करावास.
किएरो के एस्क्रीबास. तू लिहावंस. दोन ओळी पुरेत.

चौथं मात्र मराठीतच लिहिते, कारण बिघडवलं होतं ते मराठीतच.

तुझं तोंड पुन्हा दिसो,
आई