बल्बाची उंची

२ मार्च
कोंबडीची पिल्लं आली! भोकं पाडलेलं खोकं हे मांडीवर धरून घरी आले. आता होस्टेलवर असलेल्या पोरीला तान्ही असताना दवाखान्यातून आणलं, तेव्हाही एवढं जपलं नव्हतं.

आणि वेळ बघा — सोळा तारखेला मला परगावी ग्रंथपाल म्हणून रुजू व्हायचंय. इतकी वर्षं हंगामी राहून मिळालेली पहिली कायमची नोकरी. सांगितलं तेव्हा हे नुसतं ‘बरं’ म्हणाले होते. ते ‘बरं’ आता खोक्यात चिवचिवतंय.

३ मार्च
सामान आणायला दोघं गेलो. दुकानदाराने आपोआप चालू-बंद होणारा हीटर दाखवला, दिवसभर पुरेल असं पाण्याचं भांडं दाखवलं. लावा आणि विसरा, म्हणाला. ह्यांनी हीटर बराच वेळ हातात फिरवला. मग घेतलं काय, तर साधा बल्ब, सुतळी आणि बशीएवढं भांडं.

“हीटर कशाला? घरात माणूस असतंच की.”

माणूस म्हणजे कोण, ते दुकानदारालाही कळलं. त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं.

४ मार्च
वारा न लागणारी खोली एकच — माझी. टेबल बाहेर, पिल्लांची लाकडी पेटी आत.

६ मार्च
एक पिल्लू गेलं. गारठून सगळी कोपऱ्यात शिरली, खालचं गुदमरलं. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, पेटी कशाला? पिल्लांचं घर गोलच हवं! फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून गोल कुंपण केलं. हे कात्री शोधेपर्यंत मी सुरीने कापून मोकळी.

शिरायला एखादा कोपरा मलाही चालला असता.

९ मार्च
बल्बाखाली गर्दी झाली — थंडी वाजतेय, बल्ब खाली घ्या. कडेला पळून चोची उघडल्या — उकडतंय, बल्ब वर घ्या. सुतळी सोडा, सुतळी बांधा. भांडं लवंडलं, ओला भुसा काढा. सासूबाईंची खुर्चीतून देखरेख. हिच्या हाताला गुण आहे, म्हणतात. या घरात कौतुक झालं की समजावं, काम गळ्यात पडलं.

११ मार्च
आज सरळ विचारलं, हीटर का नाही घेतलात?

हे भुसा पसरत होते. मान वर न करता म्हणाले, “घेतला असता तर तू गेली असतीस.”

लग्नानंतर इतकं खरं पहिल्यांदाच बोलले असतील. मी पदर खोचून भांडायला गेलेली — भुशाच्या पोत्याचं दुसरं टोक धरून उभी राहिले.

१२ मार्च
दिवसभर दोघंही बोललो ते फक्त पिल्लांशी.

१३ मार्च
सकाळी बघते तर बल्ब बरोब्बर उंचीवर. ह्यांनी बांधलेला! पाणी ताजं, भुसा कोरडा. पिल्लं सगळीकडे सारखी पांगून निजलेली, म्हणजे ऊब अगदी हवी तेवढी.

“मी बघतो सगळं. तू बॅग भर.”

सासूबाईही खुर्ची त्या खोलीत हलवते म्हणाल्या. बॅग भरली.

१४ मार्च
ह्यांनी सुतळीला मारलेल्या गाठी तपासल्या. एकही सैल नाही. शोधून शोधून दमले.

१५ मार्च
ग्रंथालयाच्या साहेबांना फोन केला, महिनाभराची मुदत मागितली. घरी काही अडचण आहे का, त्यांनी विचारलं.

हो म्हटलं. पिल्लं लहान आहेत.