ढगस्थानचा गेंडा

प्रिय दादा,

काल तुझा तेरावा झाला. पाहुणे गेल्यावर तुझ्या लेकीने, मितालीने, मला तू बनवलेला तो कंप्यूटरवरचा खेळ दाखवला. म्हणून हे पत्र. नाहीतर मी आपली रडून गप्प बसले असते.

खेळात देश कुठला, तर ढगस्थान! आणि त्याचं हेलिकॉप्टर गेंडा! बबिनाच्या छावणीकडे जाणारी फौजी हेलिकॉप्टरं खंडेराव गेटजवळच्या आपल्या घराच्या गच्चीवरून बघून आपण दोघांनी जुन्या कॅलेंडरच्या मागे काढलेला, तोच. जाड चिलखत, नाकाखालची तोफ, रॉकेटं हे सगळं तुझं. पोटातल्या आठ सैनिकांच्या जागा माझ्या. "नुसतं मारून परत यायचं? आपल्या माणसांना कोण आणणार?" म्हणून मी दोन दिवस अबोला धरला, तेव्हा कुठे तू रबर हातात घेतलंस.

आणि गेंड्याचे हुकूम? त्या हिंदी मुलखात, गल्लीत आपलं एकच मराठी घर; कुणाला कळू नयेत म्हणून मराठीत, तेही आईच्या स्वयंपाकघरातले. "पान वाढलंय" म्हणजे खाली उतरा, जागा सुरक्षित आहे. "दूध उतू चाललं" म्हणजे शत्रू आला, वर चला. ही कुठली बोली म्हणून शेजारची गुड्डी तिकडच्या बोलीत विचारायची, "काय री, जा कौन बोली आय?" तू ऐटीत सांगायचास, "ढगस्थान की!" किती हसायचो आपण.

काल खेळातला वैमानिक म्हणाला, "पान वाढलंय." मला हुंदकाच फुटला. मितालीला वाटलं, तुझी आठवण आली. ती म्हणाली, "आत्या, ये लैंग्वेज पापा ने खुद बनाई थी. इसका कोई मतलब नहीं है."

कोई मतलब नहीं?

खेळात माझं नाव कुठेच नाही, तेही गिळलं असतं मी. पण दादा, तुझ्या पोरीला तिच्या आजीची भाषा तू खोटी म्हणून सांगितलीस? लाज वाटत होती का आमची?

एका दिवाळीला तुझा फोन आला होता. "आई और क्या-क्या बोलती थी, सुमी?" मी तासभर एकेक वाक्य आठवून सांगत होते. तू मध्येच म्हणालास, "धीरे बोल, लिख रहा हूँ." मला वाटलं, दादाला आईची आठवण येतेय. फोन ठेवून मी घरभर सांगत सुटले. किती मूर्ख मी!

आता भांडायलाही तू नाहीस. याचाच सगळ्यात जास्त राग येतोय.

बाबा तुझ्या चित्रांवरून ओरडायचे, तेव्हा मध्ये मी पडायचे. आईच्या आजारपणात तू बंगळूरहून दोनदाच आलास, तेव्हा नातेवाइकांना "त्याला रजा मिळत नाही" असं मीच सांगत होते. खरं काय ते तुलाही माहीत होतं आणि मलाही.

मिताली अजून चार दिवस इथे आहे. तिला मी एकेका वाक्याचा अर्थ सांगणार आहे, आईच्या आवाजात जमेल तसं म्हणून दाखवणार आहे. आणि तिने विचारलं, "पापा ने झूठ क्यों बोला?" तर शब्द देते दादा, या वेळी मी तुझी बाजू घेणार नाही.

तुझीच,
सुमी