विमानाचा उंबरठा

व्हियाविसेन्सिओ
१२ फेब्रुवारी १९५६

ती. मार्सेले ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण आठवडाभर मी एका जागी बूड टेकलेलं नाही. बातमी वाईट आहे, ती आधी सांगून टाकतो. एलिओदोरो मालकांचं मांस आमच्या विमानाला मिळत नाहीसं दिसतंय, आणि दोष सगळा माझा.

या मैदानात त्यांच्याइतकी गुरं कुणाची नाहीत. पाऊस लागला की रस्ते बुडतात, मग मांस डोंगरापलीकडे बोगोताला न्यायचं तर विमानानंच. ते स्वतः धावपट्टीवर आले. आमच्या जुन्या डकोटा विमानाभोवती फिरले, चाकाला लाथ मारून पाहिली. मी आत मिठाची पोती बांधत होतो. ते शिडी चढून दाराशी आले, मांस तुझं म्हणाले आणि हात पुढे केला. ते बाहेर, मी आत, मध्ये दाराची चौकट. ताई, माझा हात आपोआप पाठीमागे गेला. इथे नको, एवढंच तोंडातून निघालं.

इथला सौदा कागदावर होत नाही, हातावर होतो. आमच्याकडे उंबरठ्यावरून हात देत नाहीत, हे मी सांगेपर्यंत ते घोड्यावर बसलेसुद्धा. आता गावभर झालंय की रशियन माणसाला मालकांचा हात घाण वाटतो. मी रशियन नाही, लिथुआनियन आहे, असं किती वर्षं घसा फोडून सांगतोय. न्हावी म्हणतो, दोन्हीकडे बर्फच ना, मग काय फरक.

माझा भागीदार एव्हारिस्तो, जो विमान उडवतो, तो माझ्याशी बोलत नाही. मांस मिळालं नाही तर पावसाआधी विमान विकायचं, एवढं मात्र बजावून गेला. भावजींना नमस्कार सांग.

तुझा,
रापोलास


मेदेयीन
२० फेब्रुवारी १९५६

चि. रापोलास यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग तुझी कीव आली. लोक धंद्यात हात आखडता घेतात असं ऐकलं होतं, तू तो खरोखरच घेतलास. पण तुला नावं कशी ठेवू? मीही तसलीच. इथल्या शेजारणी दारात उभ्या राहूनच सगळं देतात-घेतात. मी त्यांना दंड धरून आत ओढते, मगच वाटी घेते. त्यांना वाटतं, ही परकी बाई काय अगत्याची आहे.

थट्टा पुरे. तू मालकांकडे जा आणि सगळं सरळ सांग. मोठी माणसं ऐकून घेतात. नाहीच जमलं, तर आमच्या गिरणीत माग दुरुस्त करायला माणूस हवाय, यांनी साहेबांच्या कानावर घातलंय. तू नाक मुरडशील, मला माहीत आहे. पण रेडिओवर विमान पडल्याची बातमी लागली की माझ्या तोंडचं पाणी पळतं. दुसऱ्याच कुठल्या जागेचं नाव येईपर्यंत मी चुलीपाशी तशीच उभी राहते. आपण दोघंच उरलोय रे. तुझं विमान राहावं असंही वाटतं आणि जावं असंही वाटतं, यातलं तुला काय सांगू?

जेवण वेळेवर घेत जा. माया आहेच.

तुझी,
मार्सेले


व्हियाविसेन्सिओ
८ मार्च १९५६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या सांगण्यावरून मालकांकडे जाऊन आलो. परवा दिवसभर घोड्यावर होतो, हे पत्र अजून उभ्यानं लिहितोय. मालकीणबाईंनी कॉफी दिली. मालक झोपाळ्यातून उठले नाहीत, पण ऐकलं सगळं. मग म्हणाले, आमचं घर बघ, चार खांब आणि वर झावळ्या. आमच्याकडे उंबरठाच नाही, तू तो कुठून उचलून आणलास? गडी हसले. मीही हसलो.

हसून झाल्यावर त्यांनी अट घातली. अपमान चारचौघांत झाला, तर तो चारचौघांतच भरून निघायला हवा. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी ते येतील. तेच दार, तीच शिडी, आणि या खेपेला हात आधी मी द्यायचा. दिला तर सगळं मांस आमचं.

मी नाही म्हणून आलो. कारण विचारू नकोस. एव्हारिस्तोनं डोक्याला हात लावला. काल तो एक गिऱ्हाईक घेऊन आला होता, त्यानं घोड्याचे दात बघावेत तशी आमची इंजिनं बघितली. मी तिथं थांबू शकलो नाही, धावपट्टीच्या टोकापर्यंत चालत गेलो आणि परत आलो आणि पुन्हा गेलो.

गिरणीत मी येणार नाही. तिथं दोन वर्षं काढलीत, त्या छपराखाली जीव घुसमटतो. हे विमान मी माझ्या हातानं जोडलंय, ताई. ते गेलं तर कुठं जायचं, मला ठाऊक नाही.

रागावू नकोस.

तुझा,
रापोलास


मेदेयीन
१५ मार्च १९५६

चि. रापोलास यास,
अनेक आशीर्वाद.

कारण विचारू नकोस म्हणतोस. विचारत नाही, सांगते. लढाईत आपण गाव सोडलं त्या दिवशी मी गाडीत बसले होते आणि तोंड घराकडे होतं.

तोफा ऐकू येत होत्या. घोडा जुंपलेला. तुम्ही पुढे व्हा, गुरं सोडून दोन दिवसांत मागून येतो, असं बाबा म्हणाले. तू टोपी आणायला परत दाराशी गेलास. बाबा आत उभे, तू बाहेर, आणि उंबरठ्यावरून तुम्ही एकमेकांचा हात धरलात. त्यानंतर बाबा नाहीत, त्यांची चिठ्ठी नाही. तू कधी बोलला नाहीस, पण तुझ्या मनात काय बसलंय ते मला कळतं. उंबरठ्यावरून हात दिला की पुन्हा भेट नाही म्हणतात, आणि तो हात तिथं घेतला म्हणूनच बाबा पुन्हा भेटले नाहीत.

आता नीट ऐक. आई गेल्यावर घरातले सगळे नियम बाबाच पाळायचे. पाद्रीबाबा आले तरी आधी आत या, मग हात. असा माणूस नेमका त्या दिवशी विसरला असेल? हात आधी त्यांनी पुढे केला, मी बघत होते. ते मागून येणार नव्हते, आणि त्यांना ते ठाऊक होतं. पुन्हा भेट नाही हे ज्याला कळलंय, त्यानं उंबरठा कशासाठी सांभाळायचा? तुझा हात धरायचा होता, तो त्यांनी धरला. तू काहीही मोडलं नाहीस, बाळा.

मालकांना हात दे किंवा देऊ नकोस, ते तुझं तू बघ. पण बाबांच्या नावावर नको.

सदैव तुझं बरं चिंतणारी,
मार्सेले


व्हियाविसेन्सिओ
२६ मार्च १९५६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मांस मिळालं. विमान राहिलं. एव्हारिस्तो पुन्हा बोलायला लागलाय आणि आता थांबत नाही.

काल सगळं गाव जमलं होतं. प्रार्थनेहून आलेले, हातात झावळ्या तशाच. मालक शिडी चढून आले आणि मी दारातून हात पुढे केला. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं आणि स्वतःचा खिशात घातला. तुझं पत्र मी एव्हारिस्तोला वाचून सांगितलं होतं, त्यानं मालकांना आधीच सगळा अर्थ समजावून ठेवला होता. म्हणाले, बाबा रे, मला दर आठवड्याला तुझं थोबाड बघायचंय, सरक. आत आले, मिठाच्या पोत्यावर ऐसपैस बसले आणि तिथं माझा हात हातात घेतला. खाली लोकांनी शिट्ट्या मारल्या. वेडा तो रशियन आणि त्याहून वेडे मालक, असं आता न्हावी सांगतो.

पण ताई, ते हात घेईपर्यंत मी तसाच उभा होतो, आणि मला मालक दिसतच नव्हते. बाबांनी त्या दिवशी माझा हात खूप वेळ धरून ठेवला होता. घोडा अधीर झाला होता, तू हाक मारत होतीस, म्हणून मी तो सोडवून घेतला. ते निरोप घेत होते आणि मी घाईत होतो. मला बाबांची फार आठवण येते.

भावजींना नमस्कार. तुझी माया अशीच असू दे.

तुझा,
रापोलास