दोन वर्षं ओळीने छत्तीस

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
सकाळी, लॅबमधून

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा गेल्या महिन्यापेक्षा बरा आहे. जिना एका दमात चढते आणि वर पोचल्यावर मलाच "हळू किती चालतेस" म्हणते. तुम्ही दादाकडे गेलात त्याला पाच महिने झाले. फोन मी उचलला की तुम्ही "आईला दे" म्हणता, म्हणून हे पत्र.

लॅबमध्ये फारसा बदल नाही. भिंतींना पुन्हा तोच राखाडी रंग दिला. रंगाऱ्याने विचारलं, "मॅडम, एवढ्या रंगांच्या कारखान्यात हा मेलेला रंग कशाला?" मी सांगितलं, भिंतीची छटा कापडावर पडू नये म्हणून. तो म्हणाला, "म्हणजे माझं काम कुणाला दिसूच नये, असंच ना?" कापडाचे रंग ताडून बघायच्या लाइट बॉक्समधल्या ट्यूब बदलल्या. तुमच्या जागी आलेले नवे डाईंग मास्तर बरे आहेत, जरा मोठ्याने बोलतात. तुमच्या खुर्चीत अजून बसलेले नाहीत. उभ्यानेच तुकडे बघतात.

तराजूभाऊ रोज दिसतात. अठरा वर्षं रंग तोलण्याच्या खोलीत काढलेला माणूस, आता गोदामात गाठी मोजतो. काल जिन्यात भेटले. म्हणाले, "ताई, घरी बायको आमटीत मीठ टाकते तेव्हासुद्धा मी वजन विचारतो. शिव्या खातो, पण विचारतो. आणि म्हणे मी निळा कमी टाकला!" मग हसले. मी खाली काम आहे असं सांगून निघाले. काम नव्हतं.

आता मुद्द्यावर येते.

जूनमध्ये मी तुमच्या नजरेची चाचणी घेतली, दरवर्षीसारखी. पंच्याऐंशी सोंगट्या, चार पट्ट्या, सगळ्या रंगाच्या क्रमाने लावायच्या. चुकांचा आकडा एकशे आठ आला. आपल्याकडे चाळीसच्या वर गेलं की शेड पास करण्याची सही काढून घेतात. तुमची काढली. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "गेल्या वर्षी छत्तीस आणि यंदा एकशे आठ? वर्षभरात माणूस आंधळा होतो का? मुलीला बापाची खुर्ची हवी असेल तर तिने सरळ मागावी."

तुमचा तर्क बरोबर होता. एका वर्षात इतकं होत नाही. दोनपैकी एक आकडा खोटा होता. खोटा गेल्या वर्षीचा.

गेल्या वर्षी तुमचे बहात्तर आले होते. तिसरी पट्टी, हिरवट निळ्यापासून जांभळ्यापर्यंतची. तिच्यावर तुम्ही फार वेळ घालवलात. दोन सोंगट्या उचलून खिडकीपाशी नेल्यात, जे चालत नाही, आणि मी चालवून घेतलं. मग पट्टी माझ्याकडे सरकवून म्हणालात, "बघ, जमतंय की नाही अजून तुझ्या बापाला?" मी सोंगट्या उलटून मागचे नंबर वाचले. वाचताना चेहरा हलू दिला नाही. ते मला जमतं. फॉर्मवर छत्तीस लिहिलं. हा आकडा कुठून सुचला तेही सांगते. तो आदल्या वर्षीचा होता. दोन वर्षं ओळीने छत्तीस, आणि कुणाला खटकलं नाही. तुम्हालाही नाही.

त्यानंतर चार महिन्यांनी युनिफॉर्मच्या राखाडी कापडाचा लॉट आला. पहिल्याच तुकड्यात निळा कमी होता. रंग मोजायचं यंत्र तसं दाखवत होतं आणि मी ते तुम्हाला दाखवलं. तुम्ही म्हणालात, "गिऱ्हाईक कापड डोळ्यांनी बघतं, यंत्राने नाही," आणि सही केलीत. मी पुन्हा बोलले नाही. चार हजार मीटर गिऱ्हाइकाकडून परत आलं. साहेबांनी विचार केला तो सरळ: मास्तरांची नजर चाचणीत पास आहे, म्हणजे त्यांनी पाहिलेला तुकडा ठीकच असणार, म्हणजे पुढे तोलणाऱ्याने घोळ घातला. तराजूभाऊ गोदामात गेले ते माझ्या छत्तीसमुळे.

तुम्ही सही केलेला तो तुकडा माझ्या कपाटात आहे. परत आलेल्या कापडाशी तो तंतोतंत जुळतो. तेव्हा फोडलेला निळ्याचा नवा डबाही मी तपासला. रंगच कमजोर होता. तराजूभाऊंचं वजन बरोबर होतं. हे मला मार्चपासून माहीत आहे. जूनमध्ये खरा आकडा लिहिला तेव्हा वाटलं, इथून पुढे नीट केलं की झालं. तसं होत नाही. तराजूभाऊ रोज जिन्यात भेटतात.

म्हणून सगळं लिहून काढलं आहे. दोन पानं, तारखांसकट. सोमवारी सकाळी साहेबांना देणार. हे पत्र तुमच्या हाती पडेल तोवर दिलेलं असेल. तुमची परवानगी मागत नाही, कळवते आहे. त्यात तुमचं नाव आहे. तुम्ही चाचणी प्रामाणिकपणे दिलीत आणि आकडा तुमच्या नकळत बदलला गेला, हेही आहे. माझी नोकरी बहुधा जाईल. आईला काल सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तराजूच्या बायकोला मी कुठल्या तोंडाने भेटू?" हातातली जुडी निवडून संपवली. मग म्हणाली, "दे लिहून. आणि अक्षर नीट काढ, तुझं डॉक्टरसारखं असतं."

आता तुमच्या डोळ्यांचं. मोतीबिंदू असावा. मी डॉक्टर नाही, पण तुमच्या चुका निळ्याच्या आसपासच आहेत, आणि आई म्हणते, "एक काळा, एक निळा मोजा घालून लग्नाला गेले, आणि मी टोकलं तर मलाच चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं." ऑपरेशनने निळा परत दिसतो. तुम्ही डॉक्टरकडे जात नाही, कारण तुमच्या मते डोळा ठीक आहे आणि मुलगी खोटी आहे. मुलगी खोटी होती, पण यंदा नाही. मी छत्तीस लिहिलं नसतं तर तुम्ही दीड वर्षापूर्वीच दाखवून घेतलं असतं. त्या दीड वर्षाबद्दल मला माफी मागायची आहे. ती समोर मागेन, पत्रात नाही.

सोबत कापडाचे दोन तुकडे ठेवले आहेत. एक गिऱ्हाइकाने दिलेल्या मूळ नमुन्याचा, एक परत आलेल्या लॉटचा. आज तुम्हाला ते सारखेच दिसतील. वहिनीला दाखवा. तिला रंगातलं काही कळत नाही असं तुम्ही नेहमी म्हणता. ती उभ्या उभ्या फरक सांगेल.

कुठला तुकडा कशाचा, ते मी मागे लिहिलेलं नाही. ऑपरेशन झालं की दादाच्या खिडकीशी सकाळच्या उजेडात बसा, दोन्ही बघा, मागे पेन्सिलीने तुम्हीच लिहा आणि मला परत पाठवा. बरोबर आलं तर बरोबर, चुकलं तर चुकलं. जे असेल तेच कळवीन.

त्या दोन तुकड्यांची वाट बघणारी,
तुमची मुलगी