तुमच्याच हातावर जन्मलो, सिस्टर

बेलापूर,
सोमवार, २५ ऑक्टोबर १९९९

प्रिय नोहा यास,

लिडियाअक्काचा सलाम. मोनिकाला आणि आराधनालाही सलाम. प्रभूच्या दयेनं इथे ब्लडप्रेशर, गुडघे आणि शेजारचा कोंबडा सोडून बाकी सगळं ठीक आहे. तुम्हा तिघांच्या तब्येती कशा आहेत ते सविस्तर कळव. नुसतं 'ठीक' लिहू नकोस. तेहेतीस वर्षं नर्स होते मी, 'ठीक'खाली लोक काय काय झाकतात ते मला चांगलं माहीत आहे. (वर मीही तेच लिहिलंय, पण मोठ्या बहिणीला तेवढी सूट असते.)

तर मी मोबाईल घेतला. हसू नकोस. याला कारण तूच आहेस. गेल्या नाताळच्या कार्डावर तू खाली बारीक अक्षरात लिहिलंस, 'घरी फोन घेतला आहे', आणि पुढे नंबर. 'कर' असंही नाही आणि 'करू नको' असंही नाही. मार्चमध्ये एकदा मी धीर करून कारभारीच्या एस.टी.डी. बूथवर गेले होते, आठवत असेल. कारभारीच्या बूथला काच आहे, पण दार नाही. मागे सहा माणसं रांगेत. पलीकडून तू 'अक्का?' म्हणालास आणि ती सहाच्या सहा माणसं एकदम गप्प झाली. मला जे बोलायचं होतं ते रांगेसमोर बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून मी तुला विचारलं, भिलाईला पाऊस आहे का. मार्च महिन्यात. तू म्हणालास, नाही. मी म्हटलं, बरं, आणि फोन ठेवला. (गंमत बघ. नऊ वर्षांपूर्वी तू मोनिकाशी लग्न करतो म्हणालास, तेव्हा 'ती रोमन कॅथलिक पोरगी या घरात आली तर मी मेले असं समज' हे मी अंगणात उभी राहून, चार शेजाऱ्यांसमोर, मोठ्यांदा बोलले होते. तेव्हा रांग आडवी आली नाही. तू लहानपणापासून आज्ञाधारक, समजलास. मेलेल्या माणसाला दर नाताळला कार्ड पाठवणारा तू एकटाच असशील.) घरी साधा टेलिफोन घ्यावा म्हणून नाव नोंदवून पाच वर्षं झाली. यादीत माझ्यापुढचे तिघे वारले, तरी माझा नंबर सरकलेला नाही.

ऑगस्टात रिटायर झाले. गणपतीच्या आठवड्यात फंडाच्या कागदांसाठी नगरला गेले होते. काम बाराला आटपलं आणि आपली गाडी दोनला. स्टँडजवळ दुकानांच्या एका रांगेत नवं काचेचं दुकान, आत एअरकंडिशन. डोक्यावर ऊन मी म्हणत होतं, तेव्हा वाटलं दोन मिनिटं गारव्याला उभं राहावं. (या दोन मिनिटांची किंमत पुढे येईलच.) आत टाय लावलेला एक पोरगा, नाव योगेश. त्यानं आधी पाणी दिलं, मग खुर्ची दिली, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेल्या माझ्या घड्याळाकडे बघून विचारलं, सिस्टर का? मी हो म्हटलं. कुठल्या? मी म्हटलं, बेलापूरची. कुठल्या दवाखान्यात? मी म्हटलं, मिशनच्या. बाळंतपणं तुम्हीच करायच्या का? मी म्हटलं, मग कोण करणार. त्यावर त्यानं टाय पोटाशी धरला, वाकून माझ्या पायांना हात लावला आणि म्हणाला, "सिस्टर, मी तुमच्याच हातावर जन्मलो. पंच्याहत्तरचा पोळा. आई अजून नाव काढते तुमचं."

आता तूच सांग, यावर माणसानं काय म्हणायचं. मास्तरांना कुणी 'मी तुमचा विद्यार्थी' म्हटलं, तर ते निदान कुठली तुकडी, कुठला बाक असं विचारू शकतात. माझी मंडळी भेटली तेव्हा सगळी सारखीच दिसायची, लाल आणि रागावलेली. पुढचा अर्धा तास तो बोलत होता आणि मी मान डोलावत होते. भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता, सगळा गुलाबी. जिथे गुलाबी तिथे रेंज, म्हणजे तिथे फोन लागतो, असं त्यानं समजावलं. बेलापूर? बेलापूर तर गडद गुलाबी आहे, सिस्टर. (नंतर नीट पाहिलं तर राहुरीकडचं मुळा धरणसुद्धा गुलाबी होतं, पाण्यासकट.) इनकमिंग फ्री. हा शेवटचा पीस, शिर्डीच्या एका हॉटेलवाल्यानं सांगून ठेवलेला, पण तुमच्या हातांना मी नाही कसं म्हणू. स्कीम आज संध्याकाळी संपते. भिंतीवरचं घड्याळ फुकट. चामड्याचं कव्हर मात्र घ्यावंच लागतं, त्याशिवाय गॅरंटी लागू होत नाही. वर एक सोनेरी चिकट कागद, तो बॅटरीखाली लावला की रेंज दुप्पट. मग त्यानं दुकानाच्या फोनवरून मोबाईल लावून दाखवला. तो त्याच टेबलावर वीतभर अंतरावर वाजला, आणि मला वाटलं, भिलाई आली जवळ.

दवाखान्यात ऑपरेशनच्या कागदावर अंगठा घेण्याआधी मी नातेवाइकांना ओळ न ओळ वाचून दाखवायचे. डॉक्टर चिडायचे, पण मी ऐकायची नाही. तीच मी, इथे सात ठिकाणी सह्या करून मोकळी झाले. शेवटी पोरानं विचारलं, पहिला फोन कुणाला करणार? मी म्हटलं, भावाला. तुझं नाव घेतलं आणि मी पदरानं चष्मा पुसायला लागले. त्यानं ते बघितलं आणि लगेच एस.टी.डी.चा वेगळा फॉर्म पुढे केला. ती आठवी सही.

घरी आले तर रेंज नाही. फोनच्या काचेवर उभ्या काठ्या दिसायला हव्यात, एकही नाही. सोनेरी कागद लावला तरी नाही. ओट्यावर नाही, मोरीत नाही, पेरूखाली नाही. मग थर्मामीटर बघतात तसा तो डोळ्यांसमोर धरून मी सगळं गाव फिरले. लोक वाट द्यायला लागले. चर्चमध्येही नाही. (पाळकसाहेब म्हणाले, इथून फक्त वरची लाईन लागते, आणि स्वतःच हसले.) तिसऱ्या दिवशी कालव्याच्या भरावावर, पुलापासून तिसऱ्या बाभळीखाली एक काठी उमटली. डावीकडे वाकून उभं राहिलं तर दोन.

तिथे आधीच दोघे डावीकडे वाकून उभे होते. एक आबासाहेब, हायस्कूलचे रिटायर मास्तर, आणि दुसरा गोरक्ष, कांद्याचा व्यापारी. हातात तोच फोन, तेच कव्हर. आबासाहेबांना योगेश म्हणाला होता, सर, तुमच्या छड्या खाल्ल्या म्हणून टाय लावायला मिळाला. गोरक्षची तर वेगळीच तऱ्हा. "सिस्टर, मला म्हनला, शेठ, आमचा बाप तुमच्याच वखारीत पोती उचलीत हुता. मला लई वाईट वाटलं. म्या वर शंभर रुपये दिले त्याला, बापाला धोतर घे म्हनून." म्हणजे पोरगा बेलापुरात जन्मला, बेलापुरात शिकला, बापही बेलापुरात राबला, आणि आम्हा तिघांपैकी एकालाही तो कधी रस्त्यात दिसला नाही, हे कोडं आम्हाला बाभळीखाली पडलं. इनकमिंग फ्री नाही हेही तिथेच कळलं. दुसऱ्यानं केला तरी आपल्याला पैसे पडतात. त्यामुळे फोन वाजला की गोरक्ष फक्त नंबर बघतो, मोटरसायकलला किक मारतो आणि कारभारीच्या बूथवर जाऊन त्याच माणसाला फोन करतो.

आणि जागा तर एकाच बाभळीची. एक बोलतो, दोघे ऐकतात. कांद्याचा लासलगावचा भाव मला आता तोंडपाठ आहे, आणि आबासाहेबांच्या सुनेचं माहेरी काय बिनसलंय तेही. माझी पाळी आली की दोघे माना वळवून कालव्याकडे बघतात, पण कान इकडेच. दोन-तीनदा तुझा नंबर अर्धा दाबला आणि सोडून दिला. कारभारीच्या बूथमधून निघून मी कालव्यावर आले, आणि रांगही माझ्यामागे आली.

दसरा झाल्यावर भांडायला म्हणून नगरला गेले. दुकानात शेवटचा पीस अजून होता. योगेश एका एस.टी. कंडक्टरच्या पायाशी वाकलेला, मास्तर, तुमच्याच गाडीनं कॉलेजला जायचो म्हणत. मी कंडक्टरला एवढंच सांगितलं की बाभळीखाली आता जागा शिल्लक नाही. त्याला काही कळलं नाही, पण तो उठून गेला. मग मी योगेशला म्हटलं, बाळा, पंच्याहत्तर साली मी वर्षभर मिरजेला ट्रेनिंगला होते. तो खाली बघायला लागला. म्हणाला, "सिस्टर, मी बार्शीकडचा. मालकांनी शिकवलंय, आधी गिऱ्हाइकाचे हात बघ, मग पाय धर." फोन परत घेणार नाहीत, सातव्या सहीच्या वर तसं छापलेलं आहे. मी चांगलं खडसावलं. मग तो जेवला का ते विचारलं. नव्हता जेवला.

आता एक गोष्ट तुला सांगते, आबासाहेबांना सांगितलेली नाही. पोळ्याचं तो पहिल्याच दिवशी बोलला होता, आणि मिरजेचं मला तेव्हाच, त्या खुर्चीवर बसल्या बसल्या आठवलं होतं. खोटं बोलतोय हे कळत होतं आणि तरी मी ऐकत बसले. घर फार शांत झालंय, नोहा. ड्यूटी होती तोवर जाणवलं नाही. सगळ्या तालुक्याची पोरं या हातांनी काढली, आणि आपल्या घरातली एक पोर मी अजून बघितलेली नाही. आराधना आठ वर्षांची झाली. जन्मताना वजन किती होतं, लगेच रडली की पाठीवर थापटावं लागलं, पहिली अंघोळ कुणी घातली, मला काही म्हणजे काही माहीत नाही. कुणीतरी वाकून 'मी तुमच्याच हातचा' म्हणालं. मला ते हवं होतं. खोटं असलं तरी हवं होतं.

असो. पत्र लिहायचं कारण इतकंच, की भिलाईत कुणाला मोबाईल हवा असेल तर विचारून ठेव. कव्हर कोरं आहे. घड्याळ मात्र मी देणार नाही. ते दहा मिनिटं पुढे जातं, त्यामुळे चर्चला वेळेवर पोचते.

तुझी अक्का,
लिडिया

ता. क. मोबाईल विकायची एवढी घाई नाही. उगाच कुणाच्या गळ्यात मारू नकोस.

ता. क. दुसरा. गेल्या सतरा तारखेला, रविवारी दुपारी एक वाजता तुझ्याकडे एक फोन आला होता. तो माझा. चर्च सुटल्यावर आबासाहेब आणि गोरक्ष आपापल्या घरी जेवायला बसलेले असणार, असा विचार करून मी तशीच कालव्यावर गेले. कुणी नव्हतं. वाक्य पाठ केलेलं होतं. पण फोन आराधनानं उचलला. 'हॅलो, कोण बोलतंय?' चांगलं मराठीत. (मला वाटत होतं, तिकडे नुसती हिंदी बोलत असेल.) मी फोन कानाला आणखी घट्ट लावला. मग ती आत ओरडली, 'पप्पा, कुणी बोलत नाहीये, नुसता श्वास घेतंय.' तू आलास आणि मला रिकामटेकडा म्हणालास. आवाज अगदी बाबांचा झालाय तुझा. मी राग धरलेला नाही, तूही धरू नकोस.

ता. क. तिसरा. वाक्य एवढंच होतं: मी चुकले, मोनिकाला घेऊन नाताळला घरी ये. हे तिला वाचून दाखव. शेजारीपाजारी कुणी असतील तर त्यांच्यासमोर, मोठ्यांदा वाच.

ता. क. शेवटचा. येणं जमणार नसेल तर तसं लिहू नकोस, ते माझ्याच्यानं वाचवणार नाही. त्यापेक्षा येत्या रविवारी एक वाजता आराधनाला माझा नंबर लावून दे. या पत्राच्या पाठीमागे लिहिलाय. मी बाभळीखाली असेन, पैसे पडले तरी उचलीन. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला तर फोन ठेवू नको म्हणावं तिला. ती आत्या आहे म्हणून सांग.