परिषदेतली कानटोपी

प्रिय शौनक,

हा कागद ज्या डॉक्टरांनी तुझ्या हातात ठेवला, त्यांना मराठी येत नाही, म्हणून मनातलं सगळं लिहिते आहे. आमच्या मेल तू उघडत नाहीस हे आता मला कळलं आहे. गणपतीपासून तुझं उत्तर नाही, आणि त्याआधीही 'मजेत आहे, नेट हळू आहे' एवढंच. आम्हीही मानलं, अंटार्क्टिकात नेट हळूच असणार. शेवटपर्यंत वाच, राजा. मध्येच घडी घालून उशीखाली सारू नकोस.

आधी घरचं सांगते. बाबा रोज सकाळी तुझी स्कूटर सुरू करून ठेवतात, बॅटरी उतरू नये म्हणून. धूर जिन्यात येतो अशी खालच्या दुर्गाबाईंची तक्रार असते. तुमच्या घराला खिडक्या आहेत आणि त्या लावताही येतात, असं बाबा त्यांना शांतपणे सांगतात. तू निघालास तेव्हा चौकात लावलेला तुझा तो फ्लेक्स आठवतो? लाल कोट, मागे बर्फ, खाली 'शनिवार पेठेचा सुपुत्र'. तो पावसात फाटला. त्याच बांबूंवर आता दिवाळीच्या चिवड्याची जाहिरात आहे. हे मी मुद्दाम सांगते आहे, कशासाठी ते पुढे कळेल.

तुझी ती परिषद या वेळी पुण्यातच भरली. ध्रुवांवर सगळ्या देशांनी मिळून कसं काम करायचं ते ठरवणारी, दर खेपेला वेगळ्या देशात भरणारी. कॉलेजात असताना तू तिथे स्वयंसेवक म्हणून गेला होतास आणि घरी परतल्यावरही गळ्यातलं ओळखपत्र घालूनच झोपला होतास. अंटार्क्टिकात सीमा नसतात, शेजारच्या देशाच्या संशोधन ठाण्यावर कुणी अडचणीत असेल तर आधी निघायचं आणि मग परवानगी मागायची, असं तू मला पोळ्या लाटताना समजावलं होतंस. हे आपल्या पेठेत का जमत नाही, असं मी विचारलं होतं. किती हसला होतास तेव्हा!

शेवटच्या दिवशी यजमान देशाच्या ठाण्यावर हिवाळा काढणाऱ्यांच्या घरच्यांना बोलवायची त्यांची पद्धत आहे. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं, शाल-श्रीफळ दिलं. थंडीत मुलगा आणि शाल आम्हाला, असं बाबा पुटपुटले. ते खुशीत होते रे. नवा शर्ट घातला होता.

मग दुसऱ्या एका देशाच्या ठाण्यावरच्या डॉक्टरीणबाई व्यासपीठावर आल्या. सहकार्य म्हणजे काय याचं उदाहरण त्यांनी पडद्यावर दाखवलं. शेजारच्या ठाण्यावरचा एक तरुण, नाव गुप्त. हळूहळू जेवेनासा झाला, बोलेनासा झाला, आणि जूनमध्ये, तिथे सूर्य उगवतच नाही तेव्हा, भर दुपारच्या अंधारात हातमोजे न घालता दार उघडून एकटाच बाहेर चालू लागला. सोबत्यांनी त्याला दोरीच्या आधाराने शोधून आत आणलं. त्यांचा डॉक्टर स्वतःच आजारी, म्हणून या बाईंची माणसं वादळात गाडी काढून गेली आणि त्याला आपल्या ठाण्यावर घेऊन आली. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. मीही वाजवल्या, शौनक. कुणाचं तरी पोर वाचलं म्हणून अगदी मनापासून वाजवल्या.

पडद्यावर त्या मुलाचा चेहरा पुसट केला होता, पण कानटोपी स्पष्ट दिसत होती. हिरवी, उजव्यापेक्षा डावा कान लांब. मालिका बघताना माझे टाके मोजायचे चुकले होते. मी उसवायला घेतली तर तू हिसकावून घेतलीस आणि म्हणालास, राहू दे, अशी दुसऱ्या कुणाकडे नसेल. खरंच नव्हती.

बाबा अजून टाळ्या वाजवत होते. मी त्यांचा हात धरला.

चहाच्या वेळी मी बाईंना गाठलं. माझं इंग्रजी तुला माहीत आहे, आणि तेव्हा तर तेही सुचेना. विमानतळावरचा तुझा टोपी घातलेला फोटो मोबाईलवर दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला, चष्मा काढला आणि मला खुर्ची आणून दिली. रुग्णाबद्दल मी काहीही सांगू शकत नाही, एवढंच म्हणाल्या. पण तुम्ही काही लिहिलंत तर ते छापून हातात दिलं जाईल. म्हणून मी लिहिते आहे, आणि तुझी लाडकी बहीण अपूर्वा शेजारी बसून पान संपलं की फोटो काढते आहे. तिला रडू आवरत नाही, त्यामुळे फोटो हलतात.

मी घाबरले आहे, बाळा. 'मजेत आहे' हे तू त्या खाटेवरून लिहीत होतास, आणि मी तुला लोणचं पुरतंय का ते विचारत होते. बाबा कालपासून जेवले नाहीत.

आता ज्यासाठी लिहिते आहे ते. बाईंनी व्यासपीठावरून शेवटी आणखी एक गोष्ट सांगितली होती. पुढच्या आठवड्यात, हिवाळ्यानंतर तिथे येणाऱ्या पहिल्या विमानात तिसऱ्याच एका देशाने त्या मुलाची जागा राखून ठेवली आहे, पण तो नाही म्हणतो, आणि बळजबरीने ते कुणाला नेत नाहीत. इतक्या देशांनी मिळून सगळं केलं, फक्त तुझा होकार त्यांना आणता येत नाही. मोहीम अर्धी टाकून कसं जायचं, लोक काय म्हणतील, हेच ना तुझ्या मनात? लोक चिवडा विकत घेतायत, शौनक. दुर्गाबाईंनी विचारलंच तर त्यांना उत्तर द्यायला मी खंबीर आहे. घरी आलास की बोलू नकोस, फराळ करू नकोस, भिंतीकडे तोंड करून पडून राहा, तुला कुणी उठवणार नाही. पण पड तो इथे पड. मी तुझ्या पाया पडते, हो म्हण. हिरवी लोकर बाहेर काढून ठेवली आहे, या वेळी दोन्ही कान सारखे करते. पण मापाला तुझं डोकं हवं.

तुझीच,
आई