डिशवरचं लुगडं

मंगळवार, संध्याकाळ. एचएसआर लेआउट.

माझा मुलगा श्रीकांत भाडेकरूला परस्पर सांगतो कसा, गच्चीवरची डिश उतरव म्हणून? घर अजून माझ्या नावावर आहे. म्हणे, रस्त्यावरून वाईट दिसते. म्हणून दुपारी मीच त्या परातीवर माझं ओलं लुगडं वाळत घातलं. दिसायलाच नको.

संध्याकाळी टीव्हीवरचं चित्र गेलं म्हणून खालची भाडेकरू शिरीन वर आली. इराणहून शिकायला आलेली पोर ती. लुगडं बघून मटकन खालीच बसली. "अज्जी, कोण आलं होतं? पोलीस?"

मला वाटलं, हिला ऊन लागलं. मग तिने सांगितलं. तिकडे पोलीस यायचे म्हटलं की तिची आई डिशवर अशीच चादर टाकते. सापडली तर फोडतात. कशासाठी? गाणी आणि रडक्या मालिका बघते म्हणून! तीच मालिका शिरीन इथे बघते; संपली की रोज मायलेकी फोनवर त्यातल्या सासूवरून भांडतात, आणि त्यावरून मी आजवर हिला हसत आले.

मालिकेसाठी पोलीस? लुगडं ओढून काढलं, ओलंच.

डिश हलणार नाही. गल्लीत कुणी विचारलं तर श्रीकांतने तोंड उघडायचं नाही. माझ्याकडे पाठवायचं.